पक्कड

त्या सिनेमाबद्दल मी जे जे ऐकलं
ते सगळं उघड्या तोंडांनी सांगितलेलं.
हडर्सफील्डला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
माझ्या खुर्चीत आडवे होतात लोक
आणि इंजेक्शन चढेपर्यंतच्या सात मिनिटांत
मतं देतात.

शेवट मला पाठ झालाय:
नायक पक्कड घेऊन आपलीच दाढ उपटतो
आणि बापाच्या ताटात ठेवतो,
बटाट्यांशेजारी.
तिथे काहीजण टाळ्या वाजवतात म्हणे,
काहीजण कोट उचलून निघून जातात.

डेक्लन, टायरच्या दुकानातला, वय चोवीस,
म्हणाला, पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं.
काय खरं, ते विचारेपर्यंत
त्याचा ओठ बधिर झाला होता.
कडेनं लाळ ओघळली
ती त्यानं मनगटानं घाईघाईनं पुसली,
रडताना पकडलं गेल्यासारखी.

मिसेस थ्रेलफॉल शाळेत इतिहास शिकवतात.
घाण आहे, म्हणाल्या.
वर्गातली मुलं त्याच्यासारखी चालायला लागलीयत,
खांदे पुढे, माणूस मागून.
मग छताकडे बघत,
पण कुठे दुखतं ते त्या दिग्दर्शकाला कळलंय.
हे मी बोलले असं कुणाला सांगू नका.

ऑलरेनशॉ आजोबा कवळी हातात धरून
बोळक्यानं बोलले:
रक्त खोटं आहे, पोरी.
मी रग्बीत दोन दात मैदानावर थुंकलोय.
नंतर घरी जाऊन आईला तोंड दाखवावं लागतं.
त्या सिनेमात आईच नाहीये.

बोझेना, माझी नर्स, अर्ध्यात झोपली.
घरी दोन आहेत, म्हणाली,
त्यांना बघायला तिकीट लागत नाही.

माझ्या भाषेत राग म्हणजे दातांचाच कारभार.
दात-ओठ खायचे, दात विचकायचे,
एकाचे दात दुसऱ्याच्या घशात घालायचे.
इथे मी फक्त नोंद करते:
खालची डावी सहावी, झीज.
खालची उजवी सहावी, झीज.
ठोसा कुणीच मारलेला नसतो.
रात्रभर, एकट्यानं,
झोपेत स्वतःलाच चावत राहिलेला जबडा,
आणि सकाळी तो घेऊन माणूस कामावर जातो,
विचारलं तर म्हणतो, मस्त, तुम्ही कशा आहात?

निषादची दोन तिकिटं मला
धुण्याआधी जीन्सच्या खिशात सापडली.
दोनदा पाहिला. कसा होता?
ठीक.
आणि दार.
एवढ्या मतांच्या महिन्यात
मत न देणारा माझाच निघाला.
त्या रात्री भिंतीपलीकडून ऐकला तो आवाज,
फरशीवर फरशी घासावी तसा.
सोळा वर्षांचा आहे.
याच दातांनी पहिल्यांदा
माझंच बोट चावलं होतं.

बुधवारी दुपारी मी जाऊन पाहून आले.
आम्ही सहाजण होतो, लांब लांब बसलेलो.
कोण कशाला घाबरलं ते अंधारात कळत नव्हतं.
मी एकदा घाबरले, पक्कड येण्याच्या खूप आधी,
तो आरशासमोर उभा राहून
हसण्याची तालीम करतो तेव्हा.

रविवारी दवाखाना बंद असतो.
निषादला खुर्चीत बसवलं,
माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवला, पुदिन्याच्या वासाचा.
चाव. आता हलू नकोस. नाकानं श्वास घे.
तीन मिनिटं त्याला बोलता येणार नव्हतं,
मला येत होतं.
कितीतरी सांगायचं ठरवून आले होते,
म्हणाले एवढंच,
मीही पाहिला तुझा सिनेमा.
त्यानं पक्कड चुकीची धरलीय.
अशी ओढली तर वरचा तुकडा हातात येतो,
मूळ आतच राहतं.

लगद्याच्या आतून काहीतरी आवाज आला.
हसला असेल,
किंवा उलटी दाबली असेल,
सगळ्यांचीच दाबावी लागते या मापाला.
मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.
त्यानं तो झटकला नाही.
घड्याळात अजून दीड मिनिट होतं.